पोलाद कापणारी करवत हळू का फिरते?

माझ्या टेबलावर एका फुटक्या चकतीचा तुकडा ठेवलेला आहे. आकाराने तो चतकोर पापडासारखा दिसतो. रंग काळपट, कड खरखरीत आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तो आणून दिला. बारावीनंतर तो वसईच्या पूर्वेला आपल्या मामांच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात काम शिकत होता. एके दिवशी घाईत त्याने हातातल्या लहान ग्राइंडरचे संरक्षक कवच काढले, त्यावर मोठी चकती बसवली आणि लोखंडी अँगल कापायला घेतला. काही क्षणांतच चकती फुटली. एक तुकडा त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यात रुतून बसला. मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, चकती नवी कोरी होती. मग फुटली का?"

हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या दहावी-अकरावीच्या पुस्तकात आहे. ते शोधण्यासाठी आपण आधी त्या गाळ्यातच एक फेरफटका मारू.

एकाच छपराखाली तीन चकत्या

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत औद्योगिक गाळ्यांच्या रांगाच रांगा आहेत. खिडक्यांच्या ग्रील, फाटके, जिने, शेडचे सांगाडे अशी नाना कामे तेथे चालतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, त्यामुळे जुनी ग्रील काढून नवी बसवण्याचे काम या भागात कधी संपत नाही. वेल्डिंगच्या आधी पाईप, अँगल, सळया मापाने कापाव्या लागतात. त्यासाठी गोल फिरणाऱ्या तीन प्रकारच्या चकत्या आढळतात.

पहिली घासून कापणारी चकती. हिला दाते नसतात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कठीण कण राळेसारख्या पदार्थाने घट्ट चिकटवून ही बनवतात आणि मजबुतीसाठी काचेच्या धाग्यांची जाळी घालतात. मोठ्या यंत्रावरची चकती ३५५ मिलिमीटर, म्हणजे १४ इंच व्यासाची असते आणि मिनिटाला सुमारे ३८०० फेरे घेते. कर्कश आवाज आणि ठिणग्यांचा फवारा ही तिची ओळख.

दुसरी विडियाच्या दात्यांची करवत. व्यास तोच, ३५५ मिलिमीटर. पण हिचे फेरे मिनिटाला १३०० च्या आसपास. ठिणग्या थोड्या, धातूचा किस मात्र भरपूर.

तिसरी संथ करवत. हिला कारागीर 'कोल्ड सॉ' म्हणतात. ३१५ मिलिमीटरची ही चकती हाय स्पीड स्टील नावाच्या पोलादाची असते. तिच्यावर दुधासारखे पांढरे पाणी सतत पडत असते. ही मिनिटाला ४० च्या आसपास फेरे घेते. तिच्या एखाद्या दात्यावर खडूची खूण केली, तर फेरे तोंडाने मोजता येतील.

आता गंमत पाहा. सुताराची १८५ मिलिमीटरची विजेची करवत मऊ लाकूड कापताना मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेते, आणि लाकडाहून कितीतरी कठीण पोलाद कापणारी करवत चाळीस! कठीण वस्तूला जास्त वेग लागेल असे आपल्याला वाटते. मग हे उलट कसे? आणि उलटच असेल, तर पहिली चकती पोलाद कापतानाही ३८०० फेरे कशी घेते?

फेरे नव्हे, परिघाचा वेग

तुलना करायची तर नुसते फेरे मोजून भागत नाही. कापण्याचे काम चकतीची कड करते. म्हणून कडेवरचा एखादा बिंदू सेकंदाला किती मीटर धावतो, ते काढले पाहिजे. याला परिघीय वेग म्हणतात. एका फेऱ्यात तो बिंदू परिघाएवढे अंतर जातो, म्हणून

परिघीय वेग = २२/७ × व्यास × दर सेकंदाचे फेरे

घासणाऱ्या चकतीचा व्यास ०.३५५ मीटर, म्हणून परीघ सुमारे १.११६ मीटर. मिनिटाला ३८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ६३.३. गुणाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे ७०.७ मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक. विरार लोकल भरधाव जाते तेव्हा तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे कामगाराच्या हातापासून दोन वितींवर लोकलच्या अडीचपट वेगाने एक कड धावत असते.

याच रीतीने विडियाच्या करवतीचा परिघीय वेग येतो सेकंदाला सुमारे २४ मीटर. संथ करवतीचा परीघ ०.९९ मीटर, ४० फेऱ्यांना वेग येतो सेकंदाला ०.६६ मीटर. आपण रमतगमत चालतो त्याहूनही हा कमी आहे.

शक्ती तीच, खर्च निराळा

समजा, तिन्ही यंत्रांच्या मोटारी सारख्याच, दोन अश्वशक्तीच्या, म्हणजे सुमारे १५०० वॅटच्या आहेत. शक्ती, बल आणि वेग यांचा संबंध तुम्हाला ठाऊक आहे:

शक्ती = बल × वेग

घर्षणातला नाश क्षणभर विसरू. घासणाऱ्या चकतीच्या कडेवर जास्तीत जास्त किती बल मिळेल? १५०० भागिले ७०.७, म्हणजे सुमारे २१ न्यूटन. दोन किलोच्या पिशवीचे वजन उचलायला लागते तेवढेच. आता संथ करवत घ्या. १५०० भागिले ०.६६, म्हणजे सुमारे २२७० न्यूटन. हे दोनशे तीस किलोच्या वजनाइतके झाले.

येथे आपले कोडे अर्धे सुटते. संथ करवत मोठ्या बलाने, पण सावकाश कापते. तिचा प्रत्येक दाता सुताराच्या पटाशीसारखा पोलादात शिरतो आणि एक सलग किस काढतो. घासणाऱ्या चकतीजवळ बल थोडे, पण वेग अफाट. तिचे असंख्य कण पोलादावर बारीक ओरखडे काढत सुटतात. एक ओरखडा नगण्य, पण सेकंदाला लाखो ओरखडे झाले की काप पडतो. मोटारीचे मिनिटाला १४४० फेरे असतील आणि दंतचक्रांच्या साह्याने ते ३६ पटींनी कमी केले, तर करवतीला ४० फेरे मिळतात आणि पीळही जवळजवळ ३६ पट होतो. सायकलने चढ चढताना गिअर बदलून आपण हेच करतो.

उष्णता कोठे जाते?

मग दात्यांची करवतही ३८०० फेऱ्यांनी फिरवली तर काम लवकर होणार नाही का? तसे करता येत नाही, याचे कारण उष्णता. पोलाद कापताना खर्च झालेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. दाता जाड किस काढत असेल, तर त्यातली बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते. उरलेली पाणी व तेल यांचे पांढरे मिश्रण शोषून घेते. पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी असल्यामुळे ते गार ठेवण्याचे काम करते, आणि तेल घर्षण कमी करते. म्हणूनच संथ करवतीने कापलेला तुकडा हाताला जेमतेम कोमट लागतो. वेग वाढवला, की दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता वाढते आणि दात्याचे टोक तापू लागते. तापलेले पोलाद मऊ होते. मऊ दाता बोथट होतो, बोथट दाता कापण्याऐवजी घासतो, घासल्याने आणखी तापतो. असे चक्र सुरू झाले की नवी करवत काही मिनिटांत निकामी होते.

लाकूड कापताना ही अडचण इतकी येत नाही, कारण लाकडाला लागणारे बलच थोडे असते.

जुन्या काळची साध्या कार्बनी पोलादाची हत्यारे २००-२५० अंश सेल्सिअसच्या पुढे धार गमावत. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी पोलादात टंगस्टन व क्रोमियम घालून आणि त्याला विशिष्ट रीतीने तापवून असे हत्यार तयार केले, की ते ६०० अंशांच्या जवळपास तापले तरी धार टिकून राही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते पाहून लोक थक्क झाले. हेच हाय स्पीड स्टील. नाव वेगाचे असले, तरी आपल्या करवतीत ते मिनिटाला चाळीस फेऱ्यांनीच काम करते. त्याचा वेग त्याच्या आधीच्या हत्यारांशी तुलना करून ठरलेला आहे.

पुढची मजल टंगस्टन कार्बाइडची. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या क्रुप कारखान्याने ते 'विडिया' या नावाने बाजारात आणले. जर्मन भाषेत 'वी डियामांट' म्हणजे 'हिऱ्यासारखा', त्यावरून हे नाव. आपल्याकडच्या कारागिरांच्या तोंडी ते इतके रुळले, की कोणत्याही कंपनीच्या कार्बाइडला ते विडियाच म्हणतात. विडिया हाय स्पीड स्टीलपेक्षाही अधिक उष्णता सोसतो, म्हणून ती करवत सेकंदाला २४ मीटरने कोरडी चालवता येते. पण विडिया ठिसूळ असतो. म्हणून सबंध चकती त्याची न करता पोलादी चकतीच्या दात्यांवर त्याचे छोटे तुकडे डाखाने जोडतात.

घासणाऱ्या चकतीचे कण तर तापण्याला भीतच नाहीत. ते झिजले की गळून पडतात आणि आतले नवे, धारदार कण वर येतात. उष्णता सोसावी लागते ती बिचाऱ्या पोलादाला. तुटलेले बारीक कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळतात, त्याच त्या ठिणग्या. कापलेल्या पाईपाची कड नीट पाहा. तिच्यावर पिवळे, जांभळे, निळे पट्टे दिसतात. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि साबणाच्या फुग्याप्रमाणे प्रकाशाच्या व्यतिकरणाने हे रंग दिसतात. साधारण २२० अंशांना फिकट पिवळा आणि ३०० अंशांना निळा. म्हणजे तो रंग हा एक प्रकारचा तापमापकच झाला.

कोणत्या कामाला कोणती?

आता निवड करणे सोपे जाईल. दिवसातून चार-दोन काप, तेही ग्रीलच्या चौकोनी पाईपाचे, असे काम असेल तर घासणारी चकती पुरते. यंत्र स्वस्त असते आणि टणक केलेली स्प्रिंग किंवा जुनी कानस यांसारख्या, दात्यांना न जुमानणाऱ्या वस्तूही ती कापते. तोटे असे, की कडेला बर राहते आणि ती कानशीने काढावी लागते. धूळ उडते, आवाज होतो आणि चकती झिजून लहान होत जाते.

रोज शेकडो तुकडे कापून लगेच वेल्डिंगला घ्यायचे असतील, तर विडियाची करवत फायद्याची. काप काटकोनात आणि स्वच्छ येतो. चकती महाग असते खरी, पण ती साध्या पोलादाचे पुष्कळ काप देते आणि नंतर तिला पुन्हा धारही लावता येते. भरीव गजांचे अगदी अचूक मापाचे तुकडे हवे असतील, तर संथ करवत.

दाते किती असावेत, हेही कामावर ठरते. कापल्या जाणाऱ्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दाते असावेत, हा जुना नियम आहे. एकच दाता असेल, तर पातळ पत्र्याची कड दोन दात्यांच्या मधल्या खाचेत अडकते आणि दाता तुटतो. ३१५ मिलिमीटरच्या चकतीचा परीघ ९९० मिलिमीटर. तिला १२० दाते असतील, तर दोन दात्यांमधले अंतर ८.२५ मिलिमीटर पडते. ५० मिलिमीटरच्या भरीव गजाला हे ठीक, कारण लांब किस मावायला खाचही मोठी लागते. पातळ पाईपासाठी मात्र २२० दात्यांची, म्हणजे ४.५ मिलिमीटर अंतराची चकती घ्यावी. अँगल कापताना तो घराच्या आढ्यासारखा, कोपरा वर करून पकडतात. त्यामुळे दोन्ही बाजू तिरप्या कापल्या जातात आणि एकदम रुंद पृष्ठभाग दात्यांखाली येत नाही.

मग ती चकती का फुटली?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला, तर दोरीवर ताण येतो. फिरणाऱ्या चकतीतही कडेचा प्रत्येक कण सरळ रेषेत पळू पाहतो आणि शेजारचे कण त्याला धरून ठेवतात. या ओढाताणीमुळे चकतीत ताण निर्माण होतो. पातळ कड्यासाठी गणित केले, तर उत्तर फार सुटसुटीत येते:

ताण = घनता × (परिघीय वेग)²

सबंध चकतीसाठी याला एका आकड्याने गुणावे लागते, पण वेगाच्या वर्गाचा नियम तोच राहतो. लक्षात घ्या, या सूत्रात व्यास कोठेच नाही. चकती लहान असो वा मोठी, तिची सहनशक्ती परिघीय वेगावर ठरते. म्हणूनच घासणाऱ्या चकत्यांवर 'सेकंदाला ८० मीटर' असा आकडा छापलेला असतो आणि शेजारी त्या व्यासाला परवडणारे कमाल फेरे दिलेले असतात.

त्या मुलाच्या ग्राइंडरचे फेरे मिनिटाला ११,००० होते. त्याची मूळची १०० मिलिमीटरची चकती सेकंदाला सुमारे ५८ मीटर वेगाने फिरत असे, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. त्याने भोकात एक कडे घालून १८० मिलिमीटरची चकती बसवली. तिच्यावर कमाल फेरे ८५०० लिहिलेले होते. ११,००० फेऱ्यांना तिचा परिघीय वेग झाला सेकंदाला सुमारे १०४ मीटर. वेग मर्यादेच्या १.३ पट, पण ताण मर्यादेच्या सुमारे १.७ पट! त्यातच हाताने धरलेल्या यंत्राची चकती जराशी तिरपी झाली, की ती कापात आवळली जाते आणि वरून वाकवणारे बल येते. चकती नवी होती हे खरे. चुकीची होती ती चकती आणि यंत्र यांची जोडी. आणि मोठी चकती कवचात मावेना म्हणून त्याने कवच काढले, तेव्हा ते कवच त्याला हेच सांगत होते.

अशीच दुसरी धोक्याची जोडी म्हणजे १३०० फेऱ्यांसाठी केलेली विडियाची चकती ३८०० फेऱ्यांच्या यंत्रावर बसवणे. व्यास सारखाच असल्यामुळे ती नीट बसते, म्हणून मोह होतो. २.२ मिलिमीटर जाडीची पोलादी चकती सुमारे १.७ किलो वजनाची असते. तिची गतिज ऊर्जा १३०० फेऱ्यांना सुमारे २५० जूल, तर ३८०० फेऱ्यांना सुमारे २१०० जूल. फेरे तिपटीच्या जवळ गेले आणि ऊर्जा साडेआठ पट झाली. दहा किलोचे पोते सातव्या मजल्यावरून पडले तर जमिनीवर आदळताना त्याच्यापाशी एवढी ऊर्जा असते. इतक्या वेगात डाख तापून एखादा विडिया सुटला, तर तो बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो.

यंत्रापाशी उभे राहण्यापूर्वी

चकतीवरचे कमाल फेरे यंत्रावरच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नयेत. चकतीचे भोक यंत्राच्या दांड्यावर नेमके बसावे; कडी घालून जमवाजमव करू नये. घासणाऱ्या चकतीतली राळ ओल शोषते आणि कमजोर होते. आपल्या भागात पावसाळ्यात गाळ्याच्या भिंतींनाही ओल येते, तेव्हा चकत्या कोरड्या जागी, आडव्या ठेवाव्यात. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना व वर्ष छापलेले असते, तेही पाहावे.

कापायचा तुकडा वाइसमध्ये घट्ट आवळावा. वर काढलेले २२७० न्यूटन आठवले, की हाताने का धरू नये ते सांगावे लागत नाही. कापलेला भाग मोकळा खाली पडेल अशी व्यवस्था ठेवावी, नाही तर काप मिटतो आणि चकती आवळली जाते. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातला टॉवेल दूर ठेवावा. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेतच. सर्वांत महत्त्वाचे, चकतीच्या रेषेत उभे राहू नये. सुटलेला कण स्पर्शरेषेने जातो, हे तुम्ही शिकला आहात. ठिणग्या ज्या प्रतलात उडतात, त्याच प्रतलात चकतीचे तुकडेही जातील. त्या प्रतलाच्या बाजूला उभे राहणे, ही फुकट मिळणारी ढाल आहे.

माझ्या विद्यार्थ्याने सारे ऐकून घेतले आणि वहीत आकडेमोड करून १०४ मीटरचे उत्तर स्वतः काढले. हल्ली त्या गाळ्यात प्रत्येक यंत्रावर पांढऱ्या रंगाने फेरे आणि चकतीचा व्यास लिहिलेला आहे. ते अक्षर त्याचे आहे.

करून पाहा

१. एक साधी हॅकसॉ आणि बोटभर जाडीची लोखंडी सळई घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली सळई वाइसमध्ये पकडा. आधी वीस हात सावकाश, दाब देऊन, पात्याची पूर्ण लांबी वापरून मारा. खाली कागद ठेवून किस गोळा करा. मग दुसऱ्या जागी वीस हात भराभर, हलक्या दाबाने मारा. दोन्ही किसांची तुलना करा. कोणता भरड आणि जास्त आहे?

२. ३५५ मिलिमीटरची घासणारी चकती झिजून २५५ मिलिमीटर झाली. फेरे ३८०० च आहेत. परिघीय वेग किती? जुनी चकती सावकाश कापते अशी कारागिरांची तक्रार असते, तिचे कारण सांगा.

३. १२५ मिलिमीटरच्या चकतीचा परिघीय वेग सेकंदाला ८० मीटरपेक्षा जास्त होऊ नये, तर कमाल फेरे किती?

४. सायकलच्या चाकाचा व्यास ०.७ मीटर आहे. त्याच्या कडेला सेकंदाला ८० मीटर वेग येण्यासाठी मिनिटाला किती फेरे लागतील?

उत्तरे : (२) सेकंदाला सुमारे ५०.८ मीटर. (३) मिनिटाला सुमारे १२,२००. (४) मिनिटाला सुमारे २१८०.